हरळी लावणारा मास्तर

आमच्या इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात माणूस मेला की तेराव्याला जेवण घालतात. हरळी मेली अशी बातमी कुणी खात्रीनं आणली असती, तर त्याला गावानं वर्षभर जेवू घातलं असतं. पण तशी बातमी आजवर कुणी आणलेली नाही. उसाच्या रानात एकदा का हे गवत शिरलं, की मालकाच्या तीन पिढ्या खुरप्यावर बसतात. वरून उपटलं तर खाली काशा राहतात. काशा म्हणजे जमिनीखाली पळणाऱ्या त्या पांढऱ्या, गाठाळ दोऱ्या. माझे चुलते एकदा अशी एक काशी ओढत निघाले, ती तुटेना म्हणून ओढतच राहिले, आणि मान वर करून बघतात तर कन्हेरीला सासुरवाडीच्या अंगणात उभे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण एरवी ते सासुरवाडीला जाणारे नव्हते, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे.

गणपतीत मात्र हीच हरळी दूर्वा होते. तेवढे दिवस तिला हात जोडायचे, आणि विसर्जन झालं की पुन्हा खुरपं.

अशा मुलखात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक माणूस बैलगाडी घेऊन बांधाबांधानं हरळी मागत फिरला. मागत म्हणजे अक्षरशः हात पसरून. "आबा, तुमच्या रानातली हरळी द्या की जरा." लोकांना आधी वाटलं चेष्टा चाललीय. मग वाटलं करणीबिरणीचा प्रकार असावा. आणि खरंच हवी आहे म्हटल्यावर लोकांनी अशी उदार मनानं दिली, की तेवढ्या उदार मनानं आमच्याकडे कुणी मुलगीही दिली नसेल. एकानं तर गाडी भरून दिली, वर नारळ दिला, आणि शिवेपर्यंत सोडायला आला. ती परत फिरू नये म्हणून.

तो माणूस म्हणजे आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर, बिरदेव तात्या.

आमची शाळा कळसच्या रस्त्याला होती. मी तिथं इतिहास शिकवायचो, त्यामुळे न पाहिलेलं ठासून सांगायची सवय मला नोकरीतूनच लागली. तात्यांचं उलटं होतं. पाहिलेल्या गोष्टीवरसुद्धा त्यांचा लवकर विश्वास बसत नसे. सूर्य उगवला म्हटलं तर ते बाहेर जाऊन बघून येणार, आणि "व्हय, उगवलाय खरा, पर आज जरा उजवीकडनं" असं काहीतरी सांगणार.

माणूस ताडमाड, गळ्यात शिट्टी, मिशा अशा की शिट्टी वाजवायच्या आधी त्या दोन बाजूंना साराव्या लागत. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाणारे. तात्या शिकून मास्तर झाले, पण पाय वडिलांचेच राहिले. त्या पायांना भेगा अशा की त्यांत चिंचोका पडला तर उगवावा. सकाळी शाळेत आले की ते चपला काढून शिक्षकखोलीतल्या खिळ्याला टांगायचे आणि दिवसभर अनवाणी. नवीन आलेल्या साहेबांनी एकदा त्यावरून विचारलं, तर म्हणाले, "चप्पल घातली की मला आंधळ्यावानी वाटतं, साहेब."

हरळीची गरज पडली ती पोरांच्या गुडघ्यांमुळे. आमचं मैदान मोठं, काही भाग काळ्या मातीचा आणि काही मुरमाचा, पण तुडवून तुडवून सगळंच दगड झालेलं. खो-खोत पडलेलं पोर उठताना गुडघ्याचं कातडं तिथंच ठेवून यायचं आणि पुढच्या तासाला ओळख पटवून घेऊन जायचं. तात्या दिवसभर आयोडीनची बाटली घेऊन हिंडत. एकदा वैतागून म्हणाले, "आयोडीनचा खर्च वाचवायचा तर जमिनीलाच कातडं घालाया पायजे."

मग गाडी, बांध, हरळी. पावसाळ्यात सगळ्या शाळेनं काशा लावल्या. जी पोरं घरी आई-बापांबरोबर रानातनं काशा वेचायची, तीच शाळेत त्या पुरायला लागली. घरी जाऊन सांगितल्यावर काही जणांनी मार खाल्ला, खोटं बोलतो म्हणून.

हरळी लागली. ती न लागली तर हरळी कसली. आता प्रश्न आला पाण्याचा. आणि इथंच तात्या इतरांहून वेगळे निघाले. आमच्या मुलखात पाण्याचा प्रश्न म्हणजे एकच, मिळेल का. तात्यांचा प्रश्न होता, किती कमी दिलं तर चालंल.

आता हे आमच्या लोकांना कसं कळावं. आमच्याकडे कालव्याची पाळी आली, की माणूस पाण्याची चारी फोडून ऊस असा भरतो की सरीतून होडी चालावी. उसानं "बास" म्हटलं तरी आम्ही म्हणतो, घे रे, लाजतोस काय. पाणी मोजून देणं म्हणजे आमच्यात पाहुण्याला अर्धी भाकरी वाढण्यासारखं. आणि हा मास्तर गवताला उपाशी ठेवायच्या गोष्टी करतोय.

तात्यांनी मैदानाच्या कडेला सुंभाची दोरी बांधून तीन वाफे आखले आणि त्यांना नावं दिली. पहिला जावयाचा. त्याला रोज सकाळी झारीनं थोडं थोडं पाणी, लाडानं. दुसरा लेकाचा. त्याला मागितल्याशिवाय द्यायचं नाही, पण द्यायचं तेव्हा पोटभर, पार खालपर्यंत. तिसरा बैराग्याचा. त्याला काहीच नाही.

"लेक मागणार कसा?" मी विचारलं.

"या, दावतो."

त्यांनी मला चपला काढायला लावल्या, वाफ्यातनं चालवलं आणि म्हणाले, "आता मागं वळून बघा." बघितलं. माझ्या पावलाखाली दबलेलं गवत हळूहळू उठून बसत होतं, म्हाताऱ्या माणसानं गुडघ्यावर हात ठेवून उठावं तसं. थोड्या वेळात ठसा पुसला.

"उठलं. म्हंजे पोटात पाणी हाय. ज्या दिशी उठायचं न्हाय, पायाचा ठसा तसाच ऱ्हाईल, त्या दिशी समजायचं, मागतंय. रंगबी जरा निळसर पडतो. पर पाऊल खोटं बोलत न्हाय."

"हे तुम्हाला वडिलांनी शिकवलं?"

"छ्या. वडील गवतावनं चालायचे न्हाईत, मेंढरं चालायची. हे मी परवा बघितलंय. खरं का खोटं अजून ठाव न्हाय, म्हणून तर वाफं केलंत."

तेव्हापासून त्यांना ती खोड लागली. चार पावलं चालायचं आणि मागं वळून बघायचं. झेंडावंदनाला चालत आले तरी मागं बघणार. एकदा शिक्षण खात्याचे साहेब त्यांच्यामागून येत होते. त्यांना वाटलं मास्तर आपल्याला टाळतोय, म्हणून ते थांबले. तात्याही थांबले आणि त्यांच्या बुटांकडे टक लावून म्हणाले, "जरा बाजूला व्हा, उठू द्या त्याला." साहेब बाजूला झाले, आणि मग दोघंही वाकून बघत बसले. बाकीची तपासणी राहूनच गेली. शेरा मात्र उत्तम मिळाला.

घरीही तेच. तात्यांची बायको, आमच्या काकू, एकदा माझ्या बायकोला सांगत होत्या, "तहान लागली म्हटलं, तर ह्ये आधी माज्या पायाकडं बघत्यात."

दुसरी खोड गवत चघळायची. प्रत्येक वाफ्यातलं एकेक पातं दाढेखाली धरून ते डोळे मिटायचे. जावई गुळचट आणि पांचट, लेक जरा तुरट, आणि बैरागी म्हणजे नुसती काडी. मलाही चघळायला दिलं. मला तिन्ही गवतासारखीच लागली, पण मी आपला "हं, लेक तुरट आहे खरा" म्हणून मोकळा झालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी इतिहासच शिकवा."

थंडी सरली तेव्हा त्यांनी पहार घेऊन वाफ्यांच्या कडा खणल्या. गाव बघायला जमलं, कारण जावई जिंकणार की लेक यावर पारावर जिलबीच्या पैजा लागल्या होत्या. जावई वरून हिरवागार, पण मुळं बोटभर. पाणी रोज वरच्या वर मिळतंय, तर खाली कशाला जातोय तो. लेकाची मुळं हातभर खाली गेलेली, मातीला धरून बसलेली. एक म्हातारा म्हणाला, "ह्यात खणायचं काय हुतं? आमच्या घरात येऊन बघितलं असतं तरी कळलं असतं." त्याचा जावई तिथंच उभा होता, तो घरी गेला.

राहिला बैरागी. तो वरून पिवळा, कोरडा, कुरकुरीत. लोक म्हणाले, मेला. तात्या म्हणाले, "मेला का झोपला?" आता त्याला एकदा पाणी देऊन बघायचं आणि उत्तर घ्यायचं, एवढंच उरलं होतं. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे होतं, ते मी फक्त उद्या जत्रा असलेल्या पोरांच्या तोंडावर पाहिलंय.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या चुलतभावाची मेंढरं आली. कोकणातून परतीच्या वाटेवर, भाऊ मास्तर आहे, मैदान मोठं आहे, म्हणून हक्कानं आत. तात्या वर्गावर होते. बाहेर येऊन बघतात तर जावई, लेक आणि बैरागी, तिघांनाही मेंढरांनी समान वागणूक दिलेली. खुरांनी जमीन उकरलेली, काशा उपटून आलेल्या, आणि त्यावर चुलतभाऊ तंबाखू मळत बसलेला.

"गवात बरं हाय रं बिरू," तो म्हणाला. "पर ह्या कडंचं वाळल्यालं का ठेवलंय?"

तात्यांनी भावाला चहा पाजला, मेंढरांना पाणी दाखवलं. पण संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, उत्तर मेंढरांनी खाल्लं." आणि पुढं कितीतरी दिवस, मध्येच काहीही बोलताना, ते एकदम थांबायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "मेला का झोपला?" काही नवे शिक्षक घाबरायचे.

खरी गोष्ट पुढच्या वर्षीची.

शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष बापूराव. उसाचा माणूस, पांढरा फेटा, बोलणं कमी आणि खाकरणं जास्त. पावसानं ओढ दिली होती, शाळेच्या विहिरीनं तळ दाखवला होता, आणि कमिटीत कुणीतरी विषय काढला की पोरांच्या खेळण्यावर पाणी घालण्यापेक्षा मैदानात कालव्याच्या पाळीवर ऊस लावावा, शाळेला उत्पन्न तरी होईल. माना डोलल्या. आमच्याकडे मोकळी जमीन बघितली की माणसाचा हात आपोआप बेण्याकडे जातो. तात्यांना बोलावलं.

"तात्या, पाणी कुठनं आणायचं तुमच्या हरळीला?" बापूराव म्हणाले.

"इहिरीचं नको मला."

"मग?"

"पोरांच्या नळाखाली सांडतंय, तेवढं द्या. होळीपासनं शाळा उघडंपर्यंत इहिरीला हात लावणार न्हाय. जूनला या आन बघा. जगली असंल तर ग्राउंड पोरांचं. मेली असंल तर ऊस लावा, बेणं मी टाकतो."

बापूराव बराच वेळ खाकरले आणि म्हणाले, "ठरलं."

तात्यांनी नळाखालून चर काढून एक हौद बांधला. पोरं हात धुवायची, पाणी प्यायची, एकमेकांच्या अंगावर उडवायची, ते सगळं हौदात. पोरांना पाणी सांडू नका म्हणणारे मास्तर मी खूप पाहिले. "जरा सांडत प्या रं" म्हणणारे हे एकच. हौद भरला की जिथं पावलाचा ठसा उठत नसेल तेवढ्याच तुकड्याला पोटभर पाणी. बाकीच्यांनी थांबायचं. आज ह्या कोपऱ्याची पाळी, मग त्या. अख्ख्या मैदानाला एकदम थोडं थोडं शिंपडायचा मोह त्यांना कधी झाला नाही. "सगळ्यांस्नी एकेक घास देऊन कुणाचंच पोट भरत न्हाय," हे त्यांचं म्हणणं.

परीक्षा संपल्या आणि सुट्टी लागली. पोरं गेली, नळ बंद झाले, हौद वाळला. त्या वर्षी ऊन असं होतं की कावळे सावलीसाठी एकमेकांच्या खालून उडत. मैदान आधी निळसर पडलं, मग राखाडी, मग पिवळं. तात्या रोज सकाळी येऊन त्यावरून चालायचे. आता मागं वळून बघण्यात अर्थ नव्हता, कारण सगळ्याच पावलांचे ठसे तसेच राहत होते. रोजच्या फेरीनं मैदानभर तात्यांचीच पावलं उमटलेली. बघणाऱ्याला वाटावं, इथून एकाच माणसाची मिरवणूक गेली.

मी एकदा म्हणालो, "तात्या, एखादी घागर..."

"मग मला कळंल कसं?" ते म्हणाले.

मैदानाच्या पलीकडे किसनआबांचं रान. किसनआबा म्हणजे मायेचा महापूर. त्यांच्या घरी चहा मागितला तर जेवण मिळायचं आणि जेवण मागितलं तर माणूस उठून चालू शकत नसे. ते बांधावर बसून रोज त्या पिवळ्या मैदानाकडे बघायचे आणि हळहळायचे. जन्मभर ज्या गवताला शिव्या दिल्या, त्याच्यासाठी. "काय बी म्हणा," ते मला म्हणाले होते, "दुश्मन झाला म्हणून डोळ्यादेखत उपाशी मारायचा का?"

मे सरता सरता तात्या पुतणीच्या लग्नाला कन्हेरीला गेले, आणि त्याच दिवशी किसनआबांची पाळी आली. त्यांचा ऊस भरून झाला. पाणी शिल्लक, मैदान समोर, आणि मास्तर गावाला गेलेला. आमच्या मुलखातल्या माणसानं अशा वेळी जे केलं असतं तेच त्यांनी केलं. दुपारी बांध फोडला. पाणी मैदानात शिरलं आणि अर्धं मैदान घोट्याएवढं भरून उभं राहिलं. तेवढ्यात पाळी संपली, म्हणून अर्धं तरी वाचलं.

तात्या लग्नाहून आले ते पिशवीत बुंदीचे लाडू घेऊन. मैदानाकडे बघितलं. अर्धं तळं, अर्धं वाळवण. किसनआबा हसत हसत सामोरे आले. "तात्या, काळजी करू नगा. पाजलं त्याला."

मी मनात म्हटलं, आता शिट्टी किसनआबांच्या घशात जाते. पण तात्या मटकन खाली बसले. पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आबा, मागल्या सालाला उत्तर मेंढरांनी खाल्लं. आवंदा तुमी बुडवलं."

आबांना काहीच कळेना. त्यांचे डोळे भरून आले. "मी तर भल्यासाठी केलं वो."

"त्ये ठाव हाय मला. लाडू घ्या."

दोघं चिखलाच्या काठावर बसून लाडू खात राहिले. थोड्या वेळानं तात्यांनी मान वर केली आणि भिजलं होतं तिथपासून वाळलं होतं तिथपर्यंत नजर फिरवली. त्यांच्या मिशा हलल्या. "आबा," ते म्हणाले, "अर्धंच बुडवलंय की तुमी." आणि उठून सुंभाची दोरी आणायला गेले.

जूनमध्ये, पाऊस यायच्या आधीच, कमिटी बघायला आली. दोरीच्या अलीकडचं अर्धं मैदान लुसलुशीत, डोळ्यांना गार वाटावं असं हिरवं. पलीकडचं अर्धं जुन्या केरसुणीच्या रंगाचं. कमिटीची नजर अर्थातच हिरव्यावर गेली. "वा तात्या," कुणीतरी म्हणालं. "जगवली की." आमच्या हेडमास्तरांनी मागून तात्यांच्या शर्टाचं टोक ओढलं. त्याचा अर्थ सरळ होता. खूश झालेत, गप्प राहा.

तात्या म्हणाले, "ह्ये माजं न्हाय. ह्याला आबांच्या पाळीचं पाणी मिळालंय. माजं तिकडलं."

हेडमास्तरांनी शर्ट सोडला आणि कपाळ धरलं. कमिटी केरसुणीकडे वळली.

"तात्या, ही तर मेलीया," बापूराव म्हणाले.

"ठाव न्हाय."

"ठाव न्हाय म्हंजे?"

"मला वाटतंय झोपलीया. पर पैज जिंकायची म्हणून मी खात्रीनं कसं सांगू? बघितलंच न्हाय मी अजून. दोनदा बघाया गेलो, दोनदा इस्कोट झाला."

एक जण म्हणाला, "मग ठरल्याप्रमाणं ऊस." दुसऱ्यानं मान हलवली. मी तात्यांच्या पायांकडे बघत होतो. अंगठा मातीत रुतला होता, बाकी माणूस हललेला नव्हता. त्या मैदानावर त्यांनी काय काय घातलं होतं ते मला माहीत होतं, आणि ते एका "व्हय, जिवंत हाय" एवढ्या शब्दांत वाचलं असतं. माझ्या तोंडात तर ते शब्द तयारच होते. मी इतिहासाचा माणूस.

धोतर सावरून बापूराव वाळक्या गवतात उकिडवे बसले. "पहार आणा," म्हणाले. स्वतः खणलं. हातभर खाली गेल्यावर बोटं घालून त्यांनी एक काशी ओढली आणि मोडली. ती कट्ट करून मोडली. आतून पांढरी, ओलसर. त्यांनी ती नाकाशी नेली, दाताखाली धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुना वैरी भर बाजारात भेटल्यासारखं काहीतरी उमटलं.

"हिला मी वळखतो," ते म्हणाले. "माजा उभा जन्म हिच्यासंगं गेला. उन्हाळ्यात नांगरून काशा वर काढायच्या, वेचून बांधावर ढीग घालायचा, दोन म्हैने उन्हात भाजायच्या. वाटतं संपली. आन पावसाळ्यात ढिगाखालनं परत रानात. ही कमिटी आज लिहून देणार, हरळी पाण्यावाचून मेली म्हणून? उद्या गाव मला इचारंल, बापूराव, आमच्या रानात का मरत न्हाय वो ती?"

किसनआबा सगळ्यांत आधी हसले. मग कमिटी हसली, कारण तिथल्या प्रत्येकाच्या बांधावर तो ढीग होता. हे सगळ्यांनाच जन्मापासून माहीत होतं. फक्त माहीत असलेली गोष्ट शाळेच्या मैदानातही खरी असते, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तात्यांच्याही नाही. ते आ वासून बापूरावांकडे बघत होते.

"ढिगाच्या खालच्या का वरच्या?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"काशा. खालच्या उगवत्यात का वरच्याबी?"

बापूराव विचारात पडले. "खालच्या असतील. वरच्या करकरीत वाळत्यात, त्या न्हाय उगवत. म्या कधी बघितलं न्हाय नीट."

"बघाया पायजे," तात्या म्हणाले. ऊस, कमिटी, पैज, सगळं ते विसरले होते.

बापूरावांनी निकाल दिला. वाळक्या अर्ध्याला एकदा पाणी द्यायचं आणि आठवडाभर थांबायचं. शाळा उघडली होती, पोरांना भरपूर सांडायला सांगितलं, हौद भरला. पाणी दिल्यावर गाव रोज सकाळी दातण चावत मैदानाच्या काठाला यायला लागलं. आधी काहीच नाही. मग एका सकाळी त्या केरसुणीतून हिरवी टोकं आली, उंदरानं बिळातून नाक काढावं तशी. आणि दोरीच्या अलीकडचा आबांचा लाडका हिरवा भाग, एका बैठकीत पोट फुटेस्तोवर पिऊन पुढं कोरडाच राहिलेला, तो तोवर दुपारच्या उन्हाला माना टाकायला लागला होता. त्याच्यावर आता पावलांचे ठसे राहत होते.

कमिटीनं तात्यांच्या गळ्यात हार घालायचं ठरवलं. हार घेऊन आम्ही शोधतोय, तर तात्या विहिरीच्या बाजूला गुडघ्यावर बसलेले. तिथली दोन-चार ठिगळं उठलीच नव्हती. ती खरोखर मेली होती. सगळं मैदान हिरवं होतंय, आणि हा माणूस मेलेल्या ठिगळांपाशी आनंदानं थरथरतोय.

"मास्तर, बघा," त्यांनी मला खड्डा दाखवला. "हितं ईतभर मातीखाली निब्बर मुरूम लागतोय. मुळीला खाली जायाला जागाच न्हवती. म्हंजे सगळीच झोपत न्हाईत. ज्यांस्नी खाली जागा घावली, ती झोपली. ज्यांस्नी न्हाय घावली, ती मेली." मग हार दिसला तेव्हा म्हणाले, "ह्ये कशाला?"

जाता जाता बापूराव खाकरले. "ग्राउंड राहू द्या पोरांचं. पर तात्या, माज्या बांधाच्या कडंनं चर खणा. तुमची हरळी माज्या उसात आली, तर शाळेला कुलूप लावीन."

तात्यांनी चर खणला. हरळी बापूरावांच्या उसात गेलीच. पण कुलूप लागलं नाही. बापूराव कधीमधी मैदानाच्या काठाला यायचे, चपला काढायचे, चार पावलं चालायचे, आणि कुणी बघत नाही असं बघून मागं वळायचे.

तात्या निवृत्त झाले आणि मुलाकडे भिगवणच्या बाजूला राहायला गेले. मग भेटी तुटल्या. त्या दशकाच्या शेवटी मी एसटीनं सोलापूरकडे निघालो होतो. डाळजच्या आसपास हायवेला एक नवीन हॉटेल झालं होतं, समोर हिरवीगार लॉन, आणि ऐन दुपारी तिच्यावर फवारे गरगर फिरत होते. गाडी चहाला तिथंच थांबली. खिडकीतून बघतो तर लॉनच्या मधोमध तात्या. धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलेलं, चपला हातात, मिशा पांढऱ्या झालेल्या. हॉटेलचा मॅनेजर काठावरून ओरडत होता, "ओ आजोबा, लॉनवर चालायचं नाही, बोर्ड दिसत नाही का?" तात्यांनी वाकून एक पातं तोडलं आणि दाढेखाली धरलं.

"जावई हाय," ते म्हणाले.

"कोण जावई?"

"ह्ये तुमचं गवात. रोज पाजताय ना? बंद करा ते. आन चपला काढून या हिकडं, काय तरी दावतो."

मॅनेजर तणतणत पुढं सरसावला खरा, पण लॉनवर पाय टाकायच्या आधी थांबला. आपल्या बुटांकडे बघितलं, तात्यांच्या पायांकडे बघितलं, आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.

मी उतरणार तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो आणि "तात्या" म्हणून हाक मारली. तात्यांनी चार पावलं टाकली आणि मागं वळून बघितलं. त्यांच्याशेजारून अनवाणी चाललेला मॅनेजरही वळला. मी जोरात हात हलवला.

त्यांनी मला पाहिलंच नाही. ते दोघं वाकून खाली बघत होते.